आधी घरचा फोल्डर

ऋतिका भोईरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती शिव्या घालत होती, आणि समोर माणूस नव्हता, कॉम्प्युटर होता. "मेल्या, दिसत नाही का तुला? तिथेच तर आहे!" त्या दिवशी मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीत खरेदी सांभाळायला नवीनच आलेले. मनात म्हटलं, ही बाई एक तर वेडी असणार, नाहीतर माझ्यासारखी तोंडाळ. तोंडाळ निघाली, म्हणून आमचं जमलं.

आमची कंपनी म्हणजे वीसेक माणसं आणि एक मालक, शौनक. कारखान्यांच्या भिंतीवर लावायची यंत्रं बनवतो आम्ही. हवेत विषारी वाफ वाढली की यंत्राने भोंगा वाजवायचा आणि लोकांनी बाहेर पळायचं, एवढंच त्याचं काम. मी डबे, वायरी, स्क्रू विकत घेते. आतला प्रोग्राम लिहिणारे वेगळे, आणि तो लिहिलेला प्रोग्राम बांधून यंत्रात जाईल असा करणारी ऋतिका. एकाच प्रोग्रामचे तीन अवतार करावे लागायचे: एक जुन्या मॉडेलसाठी, एक नव्या मॉडेलसाठी आणि एक गिऱ्हाइकाला दाखवायला लॅपटॉपवर चालणारा.

हे काम काय असतं ते तिने मला एकदा डबा खाताना समजावलं. किती वाफ झाली की भोंगा वाजवायचा, हा आकडा एका छोट्या फाइलीत असतो. तिला हेडर म्हणतात. आमच्याकडे तिचं नाव लिमिट्स. प्रत्येक अवताराचा फोल्डर वेगळा आणि प्रत्येक फोल्डरमध्ये लिमिट्स नावाचीच फाइल, आतला आकडा मात्र वेगळा. प्रोग्राम बांधतो तो कंपायलर. त्याला फोल्डरांची रांग लावून द्यायची, की आधी इथे शोध, मग तिथे शोध. त्या नावाची पहिली फाइल मिळाली की तो ती उचलतो आणि पुढे बघायला जातच नाही.

"अगं, आमच्या गावात कुरियरवाला नुसता 'पाटील कुठे राहतात' विचारत फिरला तर काय होईल?" ती म्हणाली. "पहिला जो पाटील भेटेल त्याच्या हातात पार्सल कोंबून निघून जाईल. गावभर पाटीलच पाटील. म्हणून रांग मी लावते, आणि दुसऱ्या कोणाला तिला हात लावू देत नाही."

खरंच लावू द्यायची नाही. आमचा सर्व्हिसवाला अद्वय, कारखान्यांत जाऊन यंत्रं बसवणारा, त्याने एकदा आगाऊपणा करून त्या रांगेत एक फोल्डर पुढे घेतलेला. सगळ्यांच्या देखत तिने त्याला असा झापला की बिचारा आठवडाभर कॅन्टीनमध्ये तोंड दाखवेना. "तुझ्या एका क्लिकने माणूस मरेल, कळतंय का तुला, गाढवा?" हे तिचे शब्द. मी तिथेच उभी होते. मलासुद्धा वाटलं, जरा अति करते ही.

ती मूळची कल्याणजवळच्या मोहन्याची. वडील रेयॉनच्या कारखान्यात फिटर होते. खंडेनवमीला ते घरातली पक्कड, पाने, करवत सगळं धुऊन पाटावर मांडायचे, हळदीकुंकू लावायचे, आणि मग दसरा उलटेपर्यंत घरात कोणी साधा स्क्रूड्रायव्हरसुद्धा उचलायचा नाही. खिळा निघाला तर निघाला. वर्षभर जे तुमच्यासाठी राबतं त्याला दोन दिवस निजू द्यावं, असं त्यांचं म्हणणं. हे वेड लेकीने आमच्या कंपनीत आणलं. बिल्डचं मशीन, म्हणजे जिथे सगळे प्रोग्राम बांधले जायचे तो काळा खोका, त्याला खंडेनवमीला झेंडूची माळ, हळदीकुंकू, समोर पेढे. आणि दसरा होईपर्यंत त्याच्यावर काहीही चालवायचं नाही. शौनक हसायचा, पण पेढे खायचा.

आता तिच्या घरचं सांगते. सासर डोंबिवली पूर्वेला, एमायडीसीला लागून असलेल्या गावठाणात. सासू लक्ष्मीबाई, एक कडक बाई, आणि नवरा नाथा. आजोबांचं नाव ठेवलेलं म्हणून असं जुनं. नाथा जवळच्याच एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. जिथे तो रिअ‍ॅक्टर चालवायचा तिथे पूर्वी त्याच्याच आजोबांची भाताची खाचरं होती. त्याचं त्याला काही वाटायचं नाही. मोठा हसरा माणूस. ऋतिकाला 'इंजिनेर बाय' म्हणायचा आणि तिच्या शिव्या मजेत ऐकायचा. तिचा जीव होता त्याच्यावर. बोलून दाखवायची नाही, पण त्याची शिफ्ट सुटायच्या वेळी तिचा डोळा घड्याळावर असायचाच.

नाथाच्या कारखान्यात आमचं यंत्र लागलं ते तिच्यामुळेच. शौनकच्या मागे लागून तिने ती ऑर्डर मिळवायला लावली. "माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर माझं यंत्र पाहिजे," असं मला म्हणालेली. कारण नाथा आणि त्याच्याबरोबरचे जुने कामगार सगळं नाकावर चालवायचे. वासावरून सांगायचे, आज कुठल्या कंपनीने काय सोडलं, व्हॉल्व्ह कुठला गळतोय. तिला याची भयंकर चीड. "नाक काय मोजतं रे? सर्दी झाली की बंद पडतं. यंत्रावर विश्वास ठेव. भोंगा वाजला की हातातलं असेल ते टाकून बाहेर पळायचं, आणि मी येईपर्यंत परत आत शिरायचं नाही. नाही वाजला तर गुपचूप काम करायचं. नाक खुपसायचं नाही."

घरी डेमोचं एक यंत्र होतं, स्वयंपाकघराच्या भिंतीवर. त्यावर ती नाथाकडून सराव करून घ्यायची. तो जेवत असताना ही बटण दाबायची, भोंगा वाजायचा, आणि तो ताट हातात घेऊनच अंगणात धावायचा. आंब्याखाली उभा राहून घास चावत ओरडायचा, "येव का आत, इंजिनेर बाय?" आळीतल्या बायका हसून हसून मरायच्या.

लक्ष्मीबाई मात्र हसायच्या नाहीत. त्या सेन्सरला वाफेचं निमित्त पुरायचं. लाल मिरचीची फोडणी पडली की भोंगा. सुकट भाजली की भोंगा. "यो माजा सैपाक हाय का दरोडा?" त्या करवादायच्या. "बंद कर तो भोंगा, नायतर खिडकीतून फेकीन." रोजची कटकट. शेवटी ऋतिकाने काय केलं, आपल्या लॅपटॉपवर 'घरचा' नावाचा एक नवा फोल्डर केला. त्यात एक लिमिट्स फाइल टाकली आणि आकडा इतका मोठा लिहिला, की अख्खं स्वयंपाकघर धुराने भरलं तरी यंत्र हूं की चूं करणार नाही. आणि तो फोल्डर लावला रांगेत सगळ्यात पुढे. प्रोग्राम बांधला, भिंतीवरच्या यंत्रात भरला. सासूबाई खूश. घरात शांतता. लॅपटॉपवरची रांग तशीच राहिली. लॅपटॉप घरचा, यंत्र घरचं, तिथून बाहेर काही जायचं नव्हतंच.

मग तो दसरा आला.

आदल्या दिवशी ऑफिसात पूजा झाली. बिल्डच्या मशीनला माळ घालून ऋतिकाने स्वतःच्या हाताने ते बंद केलं. दसऱ्याला सुट्टी. दुपारी ती घरी पुरणाच्या धबडग्यात, आणि शौनकचा फोन. नाथाच्या कारखान्यातलं यंत्र अडकलंय, स्क्रीन गोठतोय, उद्या सकाळी प्लँट सुरू व्हायचाय. चूक कुठे होती ते आधीच सापडलेलं, दुरुस्तीही लिहून झालेली. फक्त नव्याने बांधून अद्वयकडे पाठवायचं राहिलेलं.

शौनक म्हणाला, "घरून मशीन चालू कर ना, रिमोटने. पाच मिनिटांचं काम."

"आज नाही," ऋतिका म्हणाली. "आज त्याला हात लावायचा नाही. मी माझ्या लॅपटॉपवर बांधून देते."

हे मला तिनेच नंतर सांगितलं, शब्दन् शब्द. कोणी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. ओट्याच्या कोपऱ्यावर लॅपटॉप ठेवून, एका हाताने पुरण घोटत तिने तो प्रोग्राम बांधला. एकही चूक दाखवली नाही कंपायलरने. दाखवेल कशाला? त्याला लिमिट्स पाहिजे होती, ती पहिल्याच फोल्डरमध्ये मिळाली. घरचा फोल्डर. त्याने उचलली आणि पुढे गेला.

अद्वयने ती फाइल कारखान्यात नेऊन यंत्रात भरली. खरी वाफ सोडून तपासायची तर तिची बाटली लागते, आणि ती देणाऱ्याचं दुकान दसऱ्याला बंद. मग त्याने टेस्टचं बटण दाबलं. भोंगा मस्त वाजला. ते बटण फक्त भोंगा वाजतो का एवढंच सांगतं, कधी वाजणार ते नाही सांगत. गेटवरच्या वॉचमनने अद्वयला आपट्याची पानं दिली आणि तो घरी गेला.

दिवाळीच्या आधी, सकाळच्या शिफ्टला, नाथाच्या प्लँटमध्ये सॉल्व्हंटच्या पाइपाचं सील गेलं आणि विषारी वाफ सुटली. तिथे त्याच्याबरोबर धोंडिबा होता, निवृत्तीला टेकलेला कामगार. पुढचं मला धोंडिबाने सांगितलं, रडत रडत. "मी बोललो त्याला, नाथा, वास येतोय, चल बाहेर. तो बोलला, मलापण येतोय. मग वर भिंतीकडं बघितलं त्यानं. बोलला, भोंगा कुठं वाजलाय? माझ्या बायकोचं यंत्र हाय ते, चुकायचं नाय. तू जा, मी सील बघून येतो." धोंडिबाला ना यंत्र कळत होतं ना इंजिनेर बाय. तो नाक दाबून बाहेर पळाला. नाथा आत वाकून सील बघत बसला.

लोक मास्क लावून आत गेले तेव्हा तो पाइपाशीच पडलेला. भिंतीवरच्या यंत्राचा हिरवा दिवा लागलेला होता. सगळं ठीक आहे, असं दाखवत.

जीव वाचला. वाचला म्हणतात त्याला! मेंदूला हवा पुरली नाही, असं ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. माणूस चालतो, जेवतो, हाक मारली की मान वळवतो. पण बायको कोण, आई कोण, काही नाही. बोलणं तर गेलंच.

ऋतिकाला कळायला वेळ लागला नाही. हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून तिने लॅपटॉप उघडला, रांग बघितली, आणि झाकण मिटलं. मी शेजारी बसलेले. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "अद्वयला मी गाढव म्हटलं होतं ना गं?" बास. माझा तिच्यावर राग होता, सांगते मी सरळ. सगळ्या जगाला रांग शिकवणारी बाई, आणि स्वतःची रांग बघितली नाहीस? आणि त्याच वेळी तिला पोटाशी धरावंसं वाटत होतं. दोन्ही खरं.

ती तशीच उठून शौनककडे गेली आणि सगळं सांगितलं. तो तिच्यापुढे हात जोडून बसला. "तू आधी नवऱ्याला बघ. बाकी माझ्यावर सोड. लॅपटॉप देऊन जा, मी स्वतः तपासतो." तिने दिला. इतकी वर्षं मीठ खाल्लेलं त्याचं, विश्वास होता. त्या नालायकाने काय करावं? त्याच दिवशी लॅपटॉप पुसून कोरा केला. बिल्डच्या मशीनवर प्रोग्राम पुन्हा बांधला, योग्य आकड्याचा, आणि अद्वयला पाठवून मोफत सर्व्हिसिंगच्या नावाखाली कारखान्यातल्या यंत्रात भरला. अद्वयला माहीत होतं आपण काय भरतोय ते. मी विचारलं त्याला तोंडावर. म्हणाला, "तिने माझ्यावर कधी दया केली का?"

सरकारी चौकशीचे साहेब कारखान्यात आले तेव्हा ऋतिका स्वतःहून उभी राहिली. "चूक माझी आहे. नाथाची नाही. यंत्र वाजलं नाही, म्हणून तो थांबला." फोल्डर, रांग, एकाच नावाच्या दोन फाइली, सगळं सांगितलं. पाटलांचं उदाहरणसुद्धा दिलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बघू या की." येताना वाफेची बाटली आणलेली त्यांनी. यंत्राखाली धरली, हळूच सोडली.

भोंगा वाजला. अगदी जिथे वाजायला हवा तिथे, तसूभर इकडेतिकडे नाही. सगळा कारखाना दणाणला.

साहेबांनी बाटली बंद केली. "बाई, यंत्र तर उत्तम आहे तुमचं. नवऱ्याला वाचवायला माणूस काय काय बोलतो, समजू शकतो मी. पण खोटं बोलायलाही मर्यादा असते." मागे कारखान्याचे दोघं-तिघं हसले. शौनक खाली बघत राहिला. धोंडिबाने तोंड उघडलं तर साहेब त्याला म्हणाले, तू तर पळालास, तुला भोंगा ऐकू कसा येणार? निकाल लागला: भोंगा वाजत असताना, मास्क न लावता, कामगार आत थांबला. त्याचाच निष्काळजीपणा. ज्या माणसाने बायकोचा शब्द तंतोतंत पाळला, तो निष्काळजी ठरला.

तिने नोकरी सोडली नाही. कुठे जाणार? घरात कमावणारी तीच उरली. शौनकने तिला ठेवून घेतली, उपकार केल्यासारखं. रांग लावणारं दुसरं कोणी त्याच्याकडे नव्हतंच. पुढच्या खंडेनवमीला त्याने झेंडूची माळ तिच्याच हातात दिली. "तुझ्या हातचीच प्रथा आहे," म्हणाला. सगळा स्टाफ बघत उभा. तिने माळ घातली, हळदीकुंकू लावलं, आणि मशीन बंद न करता खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. संध्याकाळपर्यंत एकच प्रोग्राम पुन्हा पुन्हा बांधत राहिली. मी तिचा पेढा तिच्या डब्यात ठेवला, तो तिने खाल्ला नाही.

त्या दिवाळीत मी चकल्या घेऊन तिच्या घरी गेले. दुपारची वेळ. नाथा ओटीवर बसलेला, अंगावर स्वच्छ शर्ट, केस नीट विंचरलेले. माझ्याकडे बघून हसला. कोणाकडेही हसतो म्हणे. ऋतिका त्याच्याजवळ बसून त्याची नखं कापत होती. आत लक्ष्मीबाई स्वयंपाकाला लागलेल्या.

चौकशीच्या दिवशीच घरी येऊन तिने सासूलाही सगळं सांगितलेलं होतं. फोल्डर वगैरे नाही, एवढंच की तुमच्या फोडणीसाठी मी भोंगा गप केला आणि तोच गप भोंगा नाथाच्या डोक्यावर गेला. मला वाटलेलं, म्हातारी हिला हाकलून देईल. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. लक्ष्मीबाईंनी फक्त भिंतीवरच्या यंत्राकडे बोट दाखवलेलं. "याचा भोंगा चालू कर. पहिला होता तसा." ऋतिकाने केला. आकडा परत योग्य तिथे आणला.

आतून तेल तापल्याचा वास आला. ऋतिकाचा हात थांबला. "आई," ती हळूच म्हणाली, "आज पाहुणी आलीय. आज नको."

"माजे घरान फोडणी व्हनारच," आतून आवाज आला. आणि लाल मिरची तेलात पडली.

भोंगा वाजला. कानठळ्या बसतील असा. नाथाने ऋतिकाच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि उठला. घाई नाही, भीती नाही. पायऱ्या उतरून अंगणात गेला आणि आंब्याखाली जाऊन उभा राहिला, घराकडे तोंड करून. नावगाव, आई, बायको, सगळं गेलेलं त्या माणसाचं. एवढं एकच राहिलेलं.

मी संतापून आत गेले. "लाज वाटत नाही का तुम्हाला? रोज करता हे?"

लक्ष्मीबाईंनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. कढईत उलथनं फिरवत राहिल्या. "रोज," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्यांच्या. मिरचीचं की कशाचं, मी विचारलं नाही. "माजा लेक भायेर पलतो. रोज वाचतो."

भोंगा थांबला तरी नाथा आत येईना. ऋतिका नखं कापायचं कटर खाली ठेवून उठली. "मी गेल्याशिवाय यायचा नाही तो," ती मला म्हणाली. "मीच सांगितलेलं." आणि चपला घालून त्याला आणायला गेली.